परवाना, मचाण आणि अकरा सिंह

वाराणसीहून गंगा ओलांडून चंदौली जिल्ह्यात शिरलं की दोन्ही हातांना भातशेती लागते. चकिया गाव मागे पडलं की ही सपाटी संपते, विंध्याचे कडे वर येतात आणि मोह, तेंदू, खैर यांचं रान सुरू होतं. बनारसची कुटुंबं आज तिथे राजदरी आणि देवदरीचे धबधबे पाहायला जातात. चंद्रप्रभा नदीकाठच्या या रानाची जुनी ओळख मात्र वेगळी आहे. हे काशीनरेशांचं शिकारीचं रान.

१९११ साली ब्रिटिशांनी बनारसच्या राजाला संस्थानिकाचा दर्जा दिला, तेव्हा भदोही आणि रामनगरबरोबर चकियाही त्याच्या संस्थानात आलं. त्याच्याही आधी चकिया-नौगढच्या याच जंगलांचे ठेके हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्री यांनी काही काळ घेतले होते, आणि इथले पडके किल्ले नि दऱ्या डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी पुढे ‘चंद्रकांता’ लिहिली. १५ ऑक्टोबर १९४९ रोजी संस्थान विलीन झालं आणि रान वनखात्याच्या ताब्यात गेलं. राजाच्या आमंत्रणावाचून जिथे कुणाला बंदूक घेऊन जाता येत नव्हतं, ते जंगल आता सरकारी झालं.

सरकारी जंगलात शिकार करायची म्हणजे मनाला येईल तिथे शिरायचं, असं तेव्हाही नव्हतं. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातल्या शिकारीवर नियम घालायचा अधिकार प्रांत सरकारांना दिला होता. उत्तर प्रदेशात आणि जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या विदर्भातही, जंगलाचे ‘शिकार ब्लॉक’ पाडलेले असत. एका ब्लॉकचा परवाना एका वेळी एकाच मंडळीला मिळे, तोही ठरावीक दिवसांपुरता. कोणतं जनावर मारता येईल आणि किती, हे परवान्यावर लिहिलेलं असे. विभागीय वनाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, शुल्क भरायचं आणि ब्लॉकजवळच्या वनविश्रामगृहाची सोय पाहायची. नामांकित ब्लॉकांवर सगळ्यांचा डोळा असे. अर्जाला उशीर केला की उरलंसुरलं रान वाट्याला यायचं.

पहिल्यांदाच मोठ्या शिकारीला निघालेल्या माणसाची धावपळ मोसमाच्या बऱ्याच आधी सुरू होई. पहिला मुद्दा हत्याराचा. बारा बोअरची दुनळी बंदूक पुष्कळ घरांत असे. ससा, तितर, रानकोंबडा यांना ती पुरेशी; एलजीचं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं, काडतूस घातलं तर जवळून रानडुक्करही पडे. सांबर किंवा वाघासाठी मात्र रायफल हवी. लष्कराची ३०३ सामान्य माणसाला ठेवता येत नसे, म्हणून इच्छापूरच्या कारखान्यात तयार होणारी ३१५ बोअरची रायफल उत्तर भारतात फार चालली. परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून मिळे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ही सगळी व्यवस्था नव्याने बांधली. परवाना हातात आला तरी काम संपत नसे. रायफलीचा नेम ठरावीक अंतरावर तपासून घ्यावा लागे, कारण पहिल्या मोसमात जनावर हुकण्यापेक्षा जखमी होण्याची शक्यता मोठी, आणि जखमी वाघ पुढचे कित्येक महिने आसपासच्या गावांना भोवू शकतो.

दुसरा मुद्दा माणसांचा. चकिया-नौगढच्या रानात कोल आणि खरवार, विदर्भात गोंड आणि कोरकू. माग काढायचा तो यांनीच. नाल्याच्या वाळूत उमटलेला ठसा कालचा की आजचा, नराचा की मादीचा, जनावर चरायला निघालं होतं की पाण्याकडे, हे ते चालता चालता सांगत. शिकारीच्या फोटोत बंदूकवाला मध्ये आणि हे लोक कडेला उभे दिसतात. प्रत्यक्षात अख्ख्या मोहिमेतलं खरं ज्ञान त्यांच्याकडे होतं, आणि त्याची किंमत दिवसाच्या मजुरीएवढीच ठरवली गेली.

मचाण बांधणं हे त्यातलं सर्वांत नाजूक काम. आधी रेडकू बांधायचं, तेही गळ्याला दावं घालून नाही, पुढच्या पायाला. वाघ गळाच धरतो आणि तिथे दोर लागला तर त्याला संशय येतो. सकाळी रेडकू मारलेलं आढळलं की दुपारच्या आत मचाण तयार व्हायला हवी. झाड गाऱ्यापासून, म्हणजे मारलेल्या जनावरापासून, जवळ, पण वाघ येण्याच्या वाटेवर नको. उंची दोन माणसांइतकी. आडव्या बांबूंवर उलटी खाट दोरांनी बांधायची, आणि भोवती त्याच झाडाच्या फांद्या लावायच्या. दुसऱ्या झाडाचा पाला संध्याकाळपर्यंत कोमेजतो आणि वेगळा दिसतो. तोडलेल्या फांद्यांचे पांढरे बुंधे चिखलाने सारवायचे. काम करणाऱ्यांनी मोठमोठ्याने बोलत परत जायचं, म्हणजे माणसं निघून गेली असं आसपास दडलेल्या वाघाला वाटतं. वर बसलेल्याने मग खोकायचं नाही, तंबाखू ओढायची नाही, कुशीही बदलायची नाही. वाघ बहुधा तिन्हीसांजेला गाऱ्यावर येतो. पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला तोवर मोराची फडफडसुद्धा वाघाची वाटायची.

हाक्याचा प्रकार निराळा. हाकारे अर्धवर्तुळ धरून ढोल, डबे वाजवत पुढे सरकत आणि जनावराला बंदुकीच्या दिशेने ढकलत. दोन्ही बाजूंच्या झाडांवर माणसं बसवलेली असत. वाघ वाट सोडून त्यांच्याकडे वळला तर त्यांनी आरडाओरडा न करता खोडावर फक्त कुऱ्हाडीचा दांडा आपटायचा. तेवढ्यानेच तो पुन्हा वाटेवर येतो. जखमी जनावराचा पाठलाग करणं हे बंदूकवाल्याचं बंधन मानलं जाई. मध्य भारतात त्यासाठी म्हशींचा कळप पुढे घालत. झुडपात दबा धरून बसलेल्या वाघाचा वास त्यांना आधी येतो आणि त्या फुरफुरू लागतात.

इतकी बारकाईची तयारी. पण तिच्यात एका गोष्टीला जागाच नव्हती. ब्लॉकमध्ये सांबरं किती आहेत, वाघिणी किती, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, हे कुणी मोजत नव्हतं. परवान्यावर एक वाघ लिहिलेला असे, पण त्या रानातून एक वाघ गेला तर मागे काय उरतं याचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता. मोजले जायचे ते परवाने, दिवस आणि रुपये.

स्वातंत्र्यानंतर या त्रुटीची किंमत झपाट्याने वसूल झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या बाजारात आल्या आणि रात्री दिवे टाकून शिकार करणं सोपं झालं. धान्योत्पादन वाढवण्याच्या धोरणात पीकरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सढळ हाताने दिले गेले. चंद्रप्रभेच्या दक्षिणेला, सोन नदीपलीकडच्या सरगुजा संस्थानाच्या महाराजांच्या नावावर हजारांहून जास्त वाघ सांगितले जातात. शिकारीचा व्यवसायही उभा राहिला. नागपुरात शिकलेले आणि पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तिथेच ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी काढली होती. परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात मोठ्या शिकारीला नेणं हे तिचं काम. हे सगळं तेव्हाच्या कायद्यात बसत होतं, आणि परकीय चलन मिळवून देणारा उद्योग म्हणून त्याचं कौतुकही होई.

याच काळात चंद्रप्रभेत एक प्रयोग झाला. देशात सिंह फक्त गीरमध्ये उरले होते. एखादी साथ आली तर सगळेच जातील, म्हणून त्यांना दुसरं घर हवं, हा विचार योग्यच होता. निवड झाली ती काशीनरेशांच्या जुन्या रानाची. १९५७ साली तिथे अभयारण्य झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गीरमधून आणलेला एक सिंह आणि दोन सिंहिणी तिथे सोडण्यात आल्या. सुरुवात आशादायक होती. पिल्लं झाली, जगली. १९६५ पर्यंत आकडा अकरावर गेला. त्यानंतर सिंह दिसेनासे झाले.

एकही उरला नाही.

ते कसे मेले, याची सविस्तर नोंदच नाही. गोळ्या घातल्या असाव्यात किंवा जनावराच्या मढ्यात विष घातलं असावं, असं जाणकार मानतात. या अंदाजाला आधार आहे तो परिस्थितीचा. अभयारण्य जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं, तर गीरचं रान चौदाशेच्या घरात. सिंहांचा कळप वाढला की तो हद्दीबाहेर जाणारच, आणि बाहेर गुरं चारणारी गावं होती, परवान्याच्या बंदुका होत्या. गीरमध्ये मालधारी गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या सिंहाशेजारी राहायची सवय. इथल्या गवळ्याने सिंह कधी पाहिलेलाच नव्हता. त्याची म्हैस मेली तर भरपाई कोण देणार, तक्रार कुणाकडे करायची, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. सिंहांच्या मागावर कायमची माणसं नेमलेली नव्हती, त्यामुळे शेवटचा सिंह नेमका कधी गेला हेही कळलं नाही. गुजरातमधून सिंह मागून आणायची जिद्द सरकारकडे होती, पण ते रोज सकाळी कुठे आहेत हे पाहायला माणूस नव्हता. या रानाच्या इतिहासातली ही सर्वांत दुःखाची गोष्ट आहे, कारण ती टाळता येण्यासारखी होती.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतले सिंह आणून श्योपूर-शिवपुरीच्या रानात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले, आणि अखेर त्यांना मारावं किंवा पकडावं लागलं. हा अनुभव चंद्रप्रभेच्या आधीचा. त्यातून धडा घेता आला असता.

वाघांची मोजणी करायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता. १९६९ साली दिल्लीत निसर्गसंवर्धनाची जागतिक परिषद भरली आणि वाघाच्या स्थितीने सगळे हादरले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत आकडा निघाला १,८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं.

या कायद्याबद्दलची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या मूळ कायद्याने शिकार पूर्ण बंद केलेली नव्हती. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणं असे परवान्यांचे चार प्रकार त्यात होते. मोठ्या शिकारीच्या यादीत सांबर, चितळ, भेकर, नीलगाय, रानडुक्कर होते. अटी कडक होत्या. गाडीतून गोळी झाडायची नाही. सूर्यास्तानंतर शिकार नाही, दिव्याच्या झोतात तर नाहीच. पाणवठ्यावर आणि खारट मातीच्या चाटणीवर टपून बसायचं नाही. मोठं जनावर रायफलीनेच मारायचं. मारलेल्या किंवा जखमी केलेल्या जनावराची खबर पंधरा दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी द्यायची आणि मुदत संपली की नोंदवही परत करायची. कागदावर हे नियम जगातल्या कुठल्याही चांगल्या शिकार कायद्याच्या तोडीचे होते. पण ज्या वनखात्याकडे रात्रीच्या गस्तीला पुरेशी माणसं नव्हती, त्याने दिव्याच्या झोतातली शिकार पकडायची कशी? १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने कायद्यातून काढून टाकले. तो निर्णय बरोबर होता. पाळता न येणारा नियम जनावरांच्या काहीच कामाचा नसतो.

परवान्याने शिकार करायची हीच व्यवस्था दुसरीकडे चालते, ती का चालते हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या सरकारी जंगलात आज कुणीही, अगदी तिथे स्थायिक झालेलं मराठी कुटुंबसुद्धा, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाऊ शकतं. त्यासाठी १९४९ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. रायफलीच्या मोसमात कमरेच्या वर ठरावीक आकाराचं झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावं लागतं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला ते माणूस आहे हे दुरून कळावं. अनेक भागांतले परवाने सोडतीने मिळतात. जनावर पडलं की परवान्याची चिठ्ठी तिथेच भरून मढ्याला लावायची, आणि मांस वाया घालवणं हा गुन्हा. या सगळ्याच्या मुळाशी मोजणी आहे. राज्याचे जीवशास्त्रज्ञ कळपांची पाहणी करतात आणि त्यावरून पुढच्या मोसमाचे परवाने ठरतात. पैसा येतो १९३७ च्या एका कायद्यातून: शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर, आणि तो खर्च करायचा मुख्यतः वन्यजीवांवर. आपल्याकडे परवान्याचं शुल्क सरकारी तिजोरीत जायचं आणि जंगलातल्या पहारेकऱ्याच्या पायात बूट नसायचे.

उत्तर प्रदेशातच बंदुकीला दुसरा पर्याय दाखवणारा माणूस होऊन गेला होता. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जनावराच्या वाटेवर तार ताणून कॅमेरा लावला. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडायचा आणि फोटो निघायचा. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं, आणि त्यांच्यामुळे जिम कॉर्बेटही कॅमेऱ्याकडे वळले. देशभरात वाघ मोजण्यासाठी आज झाडाझाडाला बांधलेले कॅमेरे याच कल्पनेची पुढची पिढी आहेत. २००६ च्या गणनेतून या पद्धतीने १,४११ हा धक्कादायक आकडा पुढे आला. २०२२ चा अंदाज ३,६८२ आहे, आणि त्यातले ४४४ महाराष्ट्रात.

मचाणही गेलेली नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटसारख्या जंगलांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर लोक रात्रभर बसतात आणि जे जनावर पाण्यावर येईल त्याची वेळ, संख्या, नर-मादी लिहून काढतात. शास्त्रीय गणना म्हणून आता या मोजणीकडे पाहत नाहीत, निसर्गानुभव म्हणतात. तरीही पहिल्यांदा बसणाऱ्याची तयारी जुन्या शिकाऱ्यासारखीच: मळकट रंगाचे कपडे, अत्तर नाही, पाणी पुरेसं, फोन बंद, खोकला असेल तर जाऊच नये.

चंद्रप्रभेत आज अभयारण्याच्या फाटकातून आत जाताना लेखी परवानगीशिवाय कोणतंही हत्यार नेता येत नाही. सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी मारला तर शिक्षा ३ ते ७ वर्षं. पण वाराणसीच्या आसपासच्या गावांत शिकारीचा प्रश्न मिटलेला नाही, कारण तिथे नीलगाय आहे. हरभरा, वाटाणा, गहू उभा असताना तिचा कळप रात्रीत शेत तुडवून जातो आणि शेतकरी थंडीत बांधावर जागतो. हीच आपली रोही. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो, आणि महाराष्ट्रात रोही नि रानडुकरासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तसा अर्ज करता येतो. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने नीलगाय आणि रानडुकराला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवलं. २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या ‘टाल’ या सखल भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी मोठ्या संख्येने नीलगायी मारल्या, तेव्हा त्या वेळचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि त्यांच्याच सरकारमधल्या मंत्री मनेका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. एकाला शेतकऱ्याचं नुकसान दिसत होतं, दुसरीला मेलेली जनावरं. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

पण त्या वादात जो आकडा सर्वांत आधी टेबलावर यायला हवा होता, तो मागे राहिला. त्या शिवारात कळप किती, माद्या किती, किती कमी झाल्या म्हणजे हरभरा वाचेल, आणि वाचलेल्या कळपाला चरायला गायरान शिल्लक आहे का? मारण्याची परवानगी देण्याआधी एका हिवाळ्यात हे मोजणं अवघड नाही. कॅमेरे आहेत, वनरक्षक आहेत, आणि नौगढच्या पाड्यांवर कोल आणि खरवारांची अशी पोरं अजून आहेत, ज्यांच्या आजोबांनी याच रानात राजाच्या पाहुण्यांसाठी ठसे वाचले. त्यांना मजुरीवर नाही, पगारावर घ्यावं, आणि त्यांनी भरलेल्या नोंदवहीवरून परवान्याचा आकडा ठरावा.